कुंभारीची घरकुले पाहायला जाणाऱ्यांसाठी: रिक्षाचे आधी ठरवा

विडी कामगारांनी संघटनेच्या बळावर मिळवलेली घरकुले प्रत्यक्ष पाहावीत, म्हणून आमच्या वस्तीतील महिला मंडळाबरोबर मी एप्रिलमध्ये सोलापूरजवळच्या कुंभारीला जाऊन आलो. अक्कलकोट रस्त्याला लागलात की पोहोचलातच, असे आम्हाला सांगण्यात आले होते, आणि ते साफ चुकीचे आहे. सोलापुरातून कुंभारीपर्यंतचे दहा-बारा किलोमीटर सीटवरच्या, म्हणजे माणशी भाडे घेणाऱ्या रिक्षाने सहज पार पडतात. खरा त्रास मुख्य रस्ता सोडल्यावर सुरू होतो.

तिथल्या एका रिक्षावाल्याने आत सोडण्यासाठी माणशी पन्नास रुपये मागितले, म्हणजे शहरातून येण्याच्या भाड्याहूनही जास्त. आम्ही नकार देऊन चालत निघालो. झाडाची सावली नाही, रस्त्यावरून उठणारी झळ थेट तोंडावर येते, आणि मागून येणाऱ्या वाहनांमुळे दर वेळी कडेच्या मातीत उतरावे लागते. मंडळातील दोघींना मध्येच बसावे लागले. आम्ही ते एकदाच सोसले; तिथल्या बायका ब्रँचवर, म्हणजे विडी कारखान्याच्या केंद्रावर, विड्या देऊन पान-तंबाखू आणण्यासाठी किंवा दवाखान्यासाठी हे अंतर नेहमीच तोडतात. ‘घर आमचं झालं दादा, पण रात्री पोराला ताप आला तर रिक्षावाला म्हणेल तो भाव,’ असे एका अक्कांनी सांगितले, आणि माझ्या मते घरकुलांच्या कोणत्याही योजनेचा हिशेब इथूनच मांडायला हवा.

गोदूताई परुळेकर वसाहतीतील दहा हजार घरे 2006 मध्ये कामगारांच्या ताब्यात आली. शेजारच्या रे नगर या कामगार वसाहतीचा आराखडा तीस हजार घरांचा असून त्यांपैकी पंधरा हजार घरांचे लोकार्पण 19 जानेवारी 2024 रोजी झाले. माकपचे माजी आमदार नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली अनेक वर्षे मोर्चे काढणाऱ्या बायकांना आपल्या दारात उभे राहून बोलताना ऐकले आणि उन्हाचा शीण क्षणभर विसरायला झाला. येथे अवश्य जावे, हे माझे ठाम मत आहे.

मात्र केवळ घरे पाहून परतू नये. पाणी किती दिवसांनी येते, रस्ता आणि दिवाबत्ती कोणाकडे आहे, हे घरोघरी विचारावे. कुंभारी महापालिकेच्या हद्दीबाहेर असल्याने ग्रामसभा हे तिथले मोठे साधन आहे, आणि ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे, हे आमच्या मंडळाला तिथेच समजले. शहरात ग्रामसभा नसते, तेव्हा तिथल्या वस्त्यांनी याच प्रश्नांवर निदान माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. दहा रुपये शुल्क लागते आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते.

दोन्ही वसाहती एका दिवसात पायी पाहून होत नाहीत, तेव्हा एकच निवडावी. स्पेशल, म्हणजे पूर्ण रिक्षा भाड्याने करू नये. परतीसाठी संध्याकाळपर्यंत थांबावे, कारण शहरातून कामगारांना घेऊन आलेल्या रिक्षा त्या वेळी रिकाम्या परततात आणि सीटचा भाव आपोआप उतरतो.