मूकी गेला, झँडर गेला, राफीही गेला

२६ ऑगस्ट २०२४ ला बॉस्टनच्या फेनवे पार्कवर एक अजब प्रकार घडला. बरोबर दोन महिन्यांपूर्वी, २६ जूनला, बॉस्टनचे रेड सॉक्स आणि टोरांटो ब्लू जेज यांचा बेसबॉल सामना पावसामुळे दुसऱ्या इनिंगमध्येच (नऊपैकी दुसऱ्या डावात) थांबला होता. पाऊस आला तेव्हा बॅटिंगला होता ब्लू जेजचा डॅनी जॅन्सन. मधल्या काळात टोरांटोनं त्याला बॉस्टनला देऊन टाकलं. सामना जिथं थांबला होता तिथूनच पुढे सुरू झाला, तेव्हा हा जॅन्सन रेड सॉक्सच्या गणवेशात कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा) म्हणून बसलेला, आणि त्याची अर्धवट राहिलेली बॅटिंग पूर्ण करायला टोरांटोनं डॉल्टन वार्शोला पाठवलं. एकाच सामन्यात दोन्ही संघांकडून खेळलेला मेजर लीगच्या, म्हणजे इथल्या सर्वांत वरच्या बेसबॉल स्पर्धेच्या, इतिहासातला हा पहिला माणूस.

कल्याणला सुट्टीत गेले की हा किस्सा मी हमखास सांगते. ऐकणारे आधी हसतात आणि मग कुणीतरी विचारतंच, "अगं, मग तुम्ही टाळ्या वाजवता तरी कुणासाठी?" प्रश्न रास्त आहे. गेली काही वर्षं मलाही तो पडतो.

आम्ही राहतो वूस्टरच्या बाजूला, बॉस्टनपासून साधारण तासाभरावर. इकडे मराठी घरं पुष्कळ आहेत, गणपतीत ढोल-ताशा असतो, आणि उन्हाळाभर घराघरात रेड सॉक्स चालू असतात. तिकडे बसून तुम्हाला वाटत असेल की बेसबॉल म्हणजे दांडू-चेंडू आणि पळापळी. खेळ त्यापेक्षा बराच खोल आहे, पण आज मला मैदानावरच्या खेळाबद्दल कमी आणि कागदावरच्या खेळाबद्दल जास्त बोलायचंय.

मेजर लीगच्या संघात एका वेळी २६ खेळाडू असतात. त्यांच्यासकट ४० जणांची मोठी यादी असते, आणि २६ मध्ये नसलेले बहुतेक खालच्या लीगमध्ये खेळत असतात. रेड सॉक्सचा सर्वांत वरचा खालचा संघ (हो, वाक्य विचित्र आहे, पण तसंच आहे) आमच्या वूस्टरमध्ये, पोलर पार्कवर खेळतो. त्यामुळे ही ये-जा आम्हाला अगदी जवळून दिसते. काल रात्री ज्याच्याकडून आमच्या मुलांनी चेंडूवर सही घेतली, तो आज संध्याकाळी टीव्हीवर फेनवेत पिचिंग (आपल्याकडची गोलंदाजी) करत असतो. दोन दिवसांनी परत इकडे. पूर्वी याला काही धरबंधच नव्हता, २०२२ पासून एका मोसमात एका खेळाडूला पाचपेक्षा जास्त वेळा असं खाली पाठवता येत नाही. पाच वेळा! शिवाय ही मुभा एका खेळाडूच्या बाबतीत साधारणपणे तीन मोसमांपुरतीच. ती संपली की त्याला खाली पाठवायचं तर क्लबला आधी ४० च्या यादीतून काढावं लागतं, आणि मग आठवडाभर त्या माणसानं वाट बघायची, की कुणी आपल्याला घेतंय, की खाली जायचंय, की घरी.

आणि देवाणघेवाण? तिच्यात खेळाडूला सहसा कुणी विचारत नाही. दहा वर्षं मेजर लीगमध्ये काढली आणि त्यातली शेवटची सलग पाच एकाच संघात, तरच तो नियमानं नाही म्हणू शकतो. हा हक्कसुद्धा सुखासुखी मिळालेला नाही. सेंट लुईस कार्डिनल्सच्या कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूला बारा मोसमांनंतर १९६९ मध्ये फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. तो जायला तयार झाला नाही. मी म्हणजे खरेदी-विक्रीची वस्तू नाही, असं त्यानं लीगच्या कमिशनरला पत्रानं कळवलं आणि कोर्टात गेला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो ५ विरुद्ध ३ मतांनी हरला, त्याची कारकीर्द तर त्याआधीच संपली होती. पण त्यानंतर काही वर्षांतच खेळाडूंना करार संपल्यावर मोकळं होण्याचा हक्क मिळाला. आज शेकडो कोटी रुपयांचे करार करणाऱ्या किती पोरांना त्याचं नाव माहीत असेल, देव जाणे.

आता आमच्या दुखण्याकडे वळते.

मूकी बेट्स. २०११ मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत पाचव्या फेरीत घेतलेला, इथंच घडलेला, २०१८ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला आणि त्याच वर्षी रेड सॉक्सला वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं विजेतेपद, जिंकून देणारा. उंचीनं लहानखुरा, उजव्या कोपऱ्यातून असा थ्रो करायचा की सचिनभक्त असलेले माझे सासरेसुद्धा एकदा सोफ्यावरून उठले होते. फेब्रुवारी २०२० मध्ये रेड सॉक्सनं त्याला लॉस एंजेलिस डॉजर्सला देऊन टाकलं. का, तर संघाचे पगार ठराविक रकमेच्या वर गेले की लागणारा दंडकर टाळायचा होता आणि वर्षभरानं त्याचा करार संपणार होता. डॉजर्सनं त्याच उन्हाळ्यात त्याच्याशी १२ वर्षांचा ३६.५ कोटी डॉलरचा करार केला आणि त्याच्यासह २०२०, २०२४ आणि २०२५ अशा तीन वर्ल्ड सिरीज जिंकल्या. बॉस्टनला त्या बदल्यात मिळालेल्या तिघांपैकी कॅचर कॉनर वाँग तेवढा टिकला.

१९१९ च्या अखेरीस याच क्लबनं बेब रूथला न्यूयॉर्क यांकीजला विकलं होतं आणि त्यानंतर पुढची वर्ल्ड सिरीज जिंकायला २००४ उजाडलं. इतकी मोठी ठेच लागलेला क्लब शंभर वर्षांनी पुन्हा त्याच दगडाकडे चालत जातो, याला काय म्हणावं!

झँडर बोगार्ट्स २०२२ च्या डिसेंबरात सॅन डिएगोला गेला, २८ कोटी डॉलरवर. लोक इतके भडकले की महिन्याभरात क्लबनं राफाएल डेव्हर्सशी (आमचा राफी) दहा वर्षांचा, ३१ कोटींच्या वरचा करार करून टाकला. चला, एक तरी राहिला, असं वाटलं.

मग आला २०२५ चा फेब्रुवारी. क्लबनं ॲलेक्स ब्रेगमनला आणलं. तोही डेव्हर्ससारखा तिसऱ्या बेसचा खेळाडू, म्हणजे त्या बेसपाशी क्षेत्ररक्षण करणारा, आणि क्षेत्ररक्षणात डेव्हर्सपेक्षा सरस, यात वादच नाही. डेव्हर्सला सांगितलं, तू आता फक्त बॅटिंग कर. त्यानं कुरकुर केली, पण ऐकलं. मे महिन्यात पहिल्या बेसचा ट्रिस्टन कासास गुडघ्याला जबर दुखापत होऊन मोसमभरासाठी बाहेर गेला. आता क्लब म्हणतो, तू पहिल्या बेसला उभा राहा. डेव्हर्स म्हणाला, आधी ग्लोव्ह ठेवून दे म्हणालात, आता परत काढ म्हणता, नाही जमणार. प्रकरण इतकं तापलं की मालक जॉन हेन्री स्वतः विमानानं कॅन्सस सिटीला गेले, त्याच्याशी बोलायला.

१५ जूनला, रविवारी, रेड सॉक्सनं फेनवेत यांकीजना तिसऱ्या सलग सामन्यात हरवलं. डेव्हर्सनं होम रन (आपला सिक्सरच म्हणा) मारला. आणि त्याच संध्याकाळी बातमी आली: डेव्हर्स सॅन फ्रान्सिस्कोला. बदल्यात चार खेळाडू, आणि उरलेल्या पगाराचं २५ कोटींहून मोठं ओझं जायंट्सच्या डोक्यावर.

डेव्हर्सची बाजू पूर्ण खरी होती असं मी म्हणणार नाही. एवढा पगार घेणाऱ्यानं संघ अडचणीत असताना पहिल्या बेसला उभं राहायला हरकत नव्हती. आमच्या ऑफिसात ताईगिरी करणारी मी, माझ्याच टीममधलं कुणी असं वागलं असतं तर मला रागच आला असता. पण ज्याच्याशी दहा वर्षांचा संसार मांडलाय, त्याला ब्रेगमन येतोय हे समोर बसवून आधी नीट सांगता येत नाही? तिथं माणसं हाताळायला कमी पडले आणि मग चूक झाकायला माणूसच काढला. गंमत म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोत जुलैमध्ये डेव्हर्स निमूट पहिल्या बेसला उभा राहिला. आणि ज्याच्यासाठी हे सगळं रामायण झालं तो ब्रेगमन वर्षभरात करारातून बाहेर पडून शिकागोला गेला!

बदल्यात आलेल्या चौघांपैकी काइल हॅरिसनला थेट आमच्या वूस्टरला पाठवलं. जेम्स टिब्स तर सहा आठवड्यांत पुढे डॉजर्सकडे गेला. तरी एक गोष्ट कबूल करायला हवी: संघ त्यानंतर छान खेळला. ८९ सामने जिंकून प्लेऑफमध्ये पोचला, आणि तिथं यांकीजकडूनच हरला. त्यामुळे आमच्या घरात दोन तट आहेत. नवऱ्याचं म्हणणं, क्लबनं बरोबर केलं. माझं म्हणणं वर आलंच आहे.

मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. हार्दिक पांड्याला गुजरातकडून परत आणून रोहितच्या जागी कप्तान केलं, तेव्हा २०२४ च्या आयपीएलमध्ये वानखेडेवर स्वतःच्याच कप्तानाची हुर्यो उडवणारे लोक मी इथं सकाळी चहा पिता पिता पाहिले. जुलैमध्ये विश्वचषक घेऊन तोच हार्दिक आला आणि तेच वानखेडे त्याच्या नावानं दुमदुमलं. आयपीएलमध्ये निदान लिलाव सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतो. इथं फोनवर ठरतं, आणि बऱ्याचदा खेळाडूलाही ते शेवटीच कळतं.

नियमबदलांवर मात्र माझा फारसा राग नाही. इथले जुने लोक म्हणतात, बेसबॉलला घड्याळ नसतं हेच त्याचं सौंदर्य. असेल. पण २०२१ मध्ये सरासरी सामना तीन तास दहा मिनिटं चालायचा आणि यांकीजविरुद्ध असला तर विचारूच नका. पिचर टोपी काढतोय, घाम पुसतोय, बॅटर ग्लोव्ह्जचे पट्टे आवळतोय. २०२३ मध्ये घड्याळ आलं: बेस रिकामे असतील तर पिचरला १५ सेकंद, कुणी बेसवर असेल तर २०, आणि पुढच्या वर्षी त्याचे १८ केले. बॅटरनं आठ सेकंद उरायच्या आत तयार हवं, नाहीतर फुकटचा स्ट्राइक (असे तीन झाले की बॅटर आउट). त्या वर्षीच्या सराव सामन्यांत रेड सॉक्स आणि अटलांटा ब्रेव्ह्ज यांचा सामना याच नियमावर संपला. शेवटची इनिंग, ६-६ बरोबरी, तिन्ही बेस भरलेले, आणि अटलांटाचा बॅटर वेळेत तयार झाला नाही म्हणून आउट. मोठा गदारोळ झाला. पण मोसम सुरू झाल्यावर महिन्याभरात सगळे सरावले आणि सरासरी वेळ दोन तास चाळीस मिनिटांवर आली. काही क्लबांनी तर बिअरविक्रीची वेळ एक इनिंग पुढे ढकलली, धंदा बुडायला लागला म्हणून. आमच्यासाठी फायदा सरळ आहे: फेनवेजवळच्या लॅन्सडाउन स्टेशनवरून वूस्टरची परतीची गाडी आता सामना पूर्ण बघून पकडता येते.

बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे केले आणि पिचरनं धावपटूला बाद करायला फेकण्यावर मर्यादा आणली, त्यामुळे बेस चोरणारे, म्हणजे चेंडू मारला जायची वाट न बघता पुढच्या बेसवर पळणारे, परत आले. २०२२ मध्ये लीगभरात २,४८६ बेस चोरले गेले, पुढच्या वर्षी ३,५०३. हे मला मनापासून आवडलं.

आवडत नाही तो भुताटकीचा धावपटू. सामना बरोबरीत राहून दहाव्या इनिंगमध्ये गेला की प्रत्येक संघाला दुसऱ्या बेसवर एक माणूस फुकट मिळतो. तो तिथं पोचला कसा? कसाच नाही, नुसता ठेवलाय. २०२० मध्ये कोविडमुळे आणला आणि २०२३ मध्ये कायमचा केला. नशीब, प्लेऑफमध्ये हा नियम नाही. २०१८ च्या वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना आठवतो. अठरा इनिंग, सात तास वीस मिनिटं, इथं पहाटेचे साडेतीन. आमचा नेथन इओव्हाल्डी सहा इनिंग एकटा पिचिंग करत राहिला आणि शेवटी त्याच्याच चेंडूवर होम रन बसून सामना गेला. हरलो त्या रात्री. तरी ड्रेसिंग रूममध्ये परत आल्यावर सगळ्या संघानं त्याला जे जवळ घेतलं, ते भुताटकीच्या धावपटूनं कुठून दिसलं असतं?

२०२६ च्या मोसमापासूनचं नवीन म्हणजे चेंडू स्ट्राइक की नाही यावर यंत्राकडे दाद मागणं. आम्हाला याचं नवल नाही, पोलर पार्कवर हे आधीपासून बघतोय. प्रत्येक संघाला दोन संधी, बरोबर ठरली तर संधी शाबूत. बॅटर, पिचर किंवा कॅचर यांच्यापैकीच कुणीतरी डोक्यावर टपली मारून मागायची, तीही लगेच, डगआउटकडे बघायचं नाही. क्रिकेटमधल्या डीआरएसपेक्षा हे मला जास्त भावतं, कारण इथं गोलंदाज, यष्टिरक्षक, कप्तान असं पंधरा सेकंदांचं संमेलन भरत नाही. आत्तापर्यंतचा अनुभव असा की कॅचरचा अंदाज पिचरपेक्षा जास्त वेळा बरोबर निघतो. स्वाभाविक आहे. पिचरला स्वतःचा प्रत्येक चेंडू स्ट्राइकच वाटतो.

रेड सॉक्सच्या घरच्या पांढऱ्या गणवेशावर पाठीमागे नाव नसतं, नुसता आकडा. आमच्या मुलाकडे मूकीचा ५० आहे, झँडरचा २ आहे, राफीचा ११ आहे. यंदा त्याला १९ हवाय, रोमन ॲन्थनीचा. ऑगस्ट २०२५ मध्ये त्या पोराशी क्लबनं आठ वर्षांचा करार केलाय.

१ डिसेंबर २०२६ ला मालक आणि खेळाडू संघटनेतला सामूहिक करार संपतोय. मागच्या वेळी याच टप्प्यावर ९९ दिवस टाळं लागलं होतं. मालकांना पगारावर कमाल मर्यादा हवीय, असं पुन्हा बोललं जातंय. फेनवेत महागड्या तिकिटांच्या रांगेत उभं राहणारी मी मात्र किमान मर्यादेच्या बाजूची आहे: इतके पैसे घेता, तर इतके तरी संघावर खर्च करा. आणि १९ ला इथंच राहू द्या.