आमची वाटचाल : पिंपळाखालचा फलक

पुण्याहून सोलापूर महामार्गाने आलात आणि कुरकुंभ सोडून आत वळलात, की आधी एक भलामोठा फलक दिसतो. रात्री दिवे लागतात त्याला. तो आमचा नव्हे. तसंच पुढे सव्वा किलोमीटर आलं की पिंपळाखाली पत्र्यावर हाताने रंगवलेला एक फलक आहे, तो आमचा, हुरडा खायला येणाऱ्यांसाठी. दर हंगामात पाच-दहा गाड्या पहिल्यापाशीच थांबतात. मग संध्याकाळी एखाद्याचा फोन येतो, ‘अहो, आज तुमच्याकडे येऊन गेलो, पण हुरडा या वेळी काही तसा नव्हता.’ मी म्हणतो, बरोबर आहे, नसणारच.

सुरुवात २०११ ची. घरची साडेचार एकर जिरायत. उजनीचं पाणी खालच्या गावांना, आमच्या चढाला नाही. त्यामुळे ऊस कधी नव्हताच. शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी, हरभरा, कडेला करडई. बारामतीजवळ पळशीवाडीला पांडुरंग तावरे यांनी २००५ साली शेतावर पाहुणे आणायला सुरुवात केली होती, ते एकदा जाऊन बघून आलो होतो. पण आमच्याकडे हुरड्याला पैसे घ्यायचे म्हणजे घरात भांडणच. पुण्याचे नातेवाईक संक्रांतीच्या आगेमागे यायचे, पोटभर खायचे आणि वर पिशवी भरून न्यायचे. वडील म्हणाले, हुरड्याचे पैसे घेणं म्हणजे तहानलेल्याकडून पाण्याचे पैसे घेणं. त्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. पाहुण्यांच्या गाड्या आल्या की ते गोठ्यामागे जाऊन बसायचे.

भागीदार होता माझा शाळेतला सोबती, एका बाकावरचा. त्याच्याकडे टेम्पो होता आणि जीभ होती. माझ्याकडे रान होतं आणि तात्या होते. पहिल्या रविवारी नऊ माणसं आली. माणशी एकशेवीस रुपये, त्यात हुरडा, ताक, दुपारचं पिठलं-भाकरी आणि बैलगाडीची एक चक्कर. संध्याकाळी आम्ही दोघांनी पैसे चार वेळा मोजले.

तात्यांबद्दल लिहिलं नाही तर ही वाटचाल अर्धीच राहील. चुलत्यांच्या नात्यातले, वय आज सत्तरीच्या पुढे, आणि आगटीवर त्यांच्याशिवाय कुणी बसायचं नाही हा आमचा नियम. लोक आगटीला शेकोटी समजतात आणि लाकडं टाकून जाळ करतात. तात्यांची आगटी हातभर रुंद, वीतभर खोल, वाऱ्याच्या बाजूला मातीचा बांध. आत फक्त गोवऱ्या, त्याही घरी थापलेल्या आणि पावसाळ्यात माळ्यावर ठेवलेल्या. ओल धरलेली गोवरी धूर करते आणि तो धूर दाण्यात उतरतो. जाळ पूर्ण बसला, वर राख धरली आणि खाली लाल आर राहिला, की मगच कणसं खुपसायची. प्रत्येक कणसाला वीतभर दांडा राखून तोडलेलं असतं. तो दांडा तात्या दोन बोटांत धरून फिरवत राहतात. बघत नाहीत, आमच्याशी बोलत असतात. दाणा आतून बारीक चटचटला की काढलं, दगडावर झटकलं, आणि गरम असतानाच तळहातावर चोळलं. सूप तीन वेळा पाखडायचं, चौथ्यांदा नाही, कारण चौथ्यांदा दाणा गार होतो. त्यांच्या तळहातावर बोट ठेवून बघा, म्हशीच्या शिंगासारखं लागतं.

पलीकडच्या फलकावाल्यांकडे आता गॅसची शेगडी आणि चोळायचं यंत्र आहे म्हणे. असेल.

कणीस ओळखायचं ते नखाने. दाणा दाबला आणि पांढरं दूध उडालं तर अजून चार दिवस थांबा. नख मऊसर रुतलं आणि ओल दिसली तर आजच. कटकन फुटला तर हुरडा गेला, आता ती ज्वारी. एका पेरणीत हा खेळ जेमतेम आठ-दहा दिवसांचा. म्हणून आम्ही गणपती बसले की पहिला तुकडा पेरतो, मग दर आठ-दहा दिवसांनी पुढचा, दसऱ्यापर्यंत. पहिली आगटी मार्गशीर्षात, शेवटची जानेवारी संपताना. वाण दोन. गूळभेंडी घरच्या बियाण्याची आणि थोडी राहुरी विद्यापीठाची फुले मधुर. मधुर दिसायला देखणी आहे, पण पाहुणे न सांगता गूळभेंडीकडेच हात घालतात.

२०१२ ते २०१७ छान गेली. लोक आले, खाल्लं, गेले. पत्र्याची शेड झाली, दोन संडास झाले, बोरं आणि गूळ विकायला टेबल झालं. नोटाबंदीच्या डिसेंबरात कुणाकडे सुट्टे नव्हते, तेव्हा निम्म्या लोकांना उधारीवर हुरडा घातला, आणि सांगायला अभिमान वाटतो की एक सोडून सगळ्यांनी पैसे आणून दिले.

तो एक कोण ते मला माहीत आहे.

बिनसलं २०१८ च्या मे महिन्यात. भागीदाराला पोहण्याचा तलाव हवा होता, पावसाचे फवारे सोडून नाच हवा होता, रविवारी तीनशे माणसं हवी होती. मी म्हटलं, आपलं रान दिवसाला साठ माणसांचं. तो म्हणाला, कणसं बाहेरून आणू, टेम्पो कशाला आहे? तिथे मी अडलो. तोडलेलं कणीस दुसऱ्या दिवशी तोंडात घाला, गोडी निम्मी झालेली असते. मी आजवर दुसऱ्याच्या रानातलं एक कणीस आमच्या आगटीत घातलेलं नाही. तो म्हणाला, शहरातल्या लोकांना काय कळतंय. त्या वाक्यावर आम्ही वेगळे झालो.

वाटणी रीतसर केली. सुपं सहा-सहा, घमेली, ताटं, सतरंज्या, सगळं ओसरीवर मांडून मोजलं. नंबर वाटायचा राहिला. सात वर्षं फलकावर, पत्रकांवर, गुळाच्या पिशव्यांवर जो एकच फोन नंबर छापत आलो, त्याचं सिम त्याच्या नावावर होतं. मी मोबाइलच्या दुकानात गेलो. तिथला पोरगा म्हणाला, काका, सिम ज्याचं नंबर त्याचा. ग्राहकांची वही माझ्याकडे होती, पण आईच्या हातची ती वही म्हणजे ‘कोथरूडच्या वहिनी’, ‘लाल गाडीवाले’, असं. फोन नंबर तिने कधी लिहिलेच नव्हते. त्याने दिवाळीच्या आत रस्त्याकडेला चुलत्याच्या जागेत फलक उभा केला.

आणि त्याच वर्षी उत्तरा कोरडी, हस्त कोरडा. परतीचा पाऊस आलाच नाही. ३१ ऑक्टोबरला सरकारने १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात दौंड होता. तोवर आमचे पेरलेले चार तुकडे गुडघ्याच्या खालीच पिवळे पडले होते. ऐन दिवाळीत गाय दावं तोडून त्या खुरटलेल्या ज्वारीत शिरली. किराळ लागली. डॉक्टर पोचेपर्यंत संपलं. म्हणून सांगतो, कुठल्याही शेतावर गेलात तर पोरांना ज्वारीची कोवळी पानं किंवा फुटवे उपटून गुरांना भरवू देऊ नका. फोटो छान येतो, पण पाण्याचा ताण पडलेल्या कोवळ्या ज्वारीत विष असतं. पूर्ण वाढून वाळलेल्या कडब्याचं तसं नाही. मालकाला विचारा, विचारायला पैसे पडत नाहीत.

शेडचं कर्ज होतं. दोन म्हशी विकल्या. विहिरीजवळचे अकरा गुंठे तेवढे जगवायचे ठरवलं. दीड हजाराला एक टँकर, असे नऊ टँकर विहिरीत ओतले आणि रात्री वीज आली की सोडले. अकरा गुंठे, तेही एकाच पेरणीचे. म्हणजे तो अख्खा हंगाम माझ्यासाठी दोन रविवारांचा होता.

पहिल्या रविवारी सकाळी सातला तात्यांनी आगटी पेटवली. नऊ वाजले, दहा वाजले. रस्त्यावरून गाड्या वळताना धूळ दिसत होती, पण ती सव्वा किलोमीटरवरच बसत होती. आमच्या सौ. दोन वेळा ताक ढवळून आल्या. अकराला तात्यांनी गोवऱ्यांची दुसरी फेरी लावली. मी म्हटलं, कुणासाठी? ते म्हणाले, ‘आर गेला तर परत दीड तास लागतो.’

साडेअकराला दोन गाड्या पिंपळाखाली थांबल्या. आमच्या बाई.

बाई म्हणजे पुण्यात पेठेत राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. २०११ च्या दुसऱ्याच रविवारी यजमानांबरोबर आल्या होत्या. आमच्या शेंगदाण्याच्या चटणीला मीठ कमी म्हणून पुढच्या वर्षीपासून स्वतःची जवसाची चटणी काचेच्या बरणीत घेऊन यायला लागल्या, आणि ती आजही आणतात, आम्ही मीठ वाढवलं तरी. मग मुली, जावई, नातवंडं. धाकट्या नातवाला पहिला घास हुरड्याचा इथेच भरवला, तोही चावून, कारण दात नव्हते. नातवंडांना तात्या गोफण फिरवायला शिकवतात, दगड न घालता. संध्याकाळी भोरड्यांचा थवा उतरतो तेव्हा बाई पोरांना गप्प बसवतात आणि स्वतः मात्र बोलत राहतात.

त्या दिवशी त्यांनी जुन्याच नंबरवर फोन केला होता. पलीकडून ‘या, या, जागा आहे’ म्हणून सांगितलं, रस्त्यावरचा फलक सांगितला. तिथे उतरल्या तर टेम्पोतून पोती खाली होत होती. बाईंनी एक कणीस उचललं, नख लावलं, आणि विचारलं, ‘तात्या कुठायत?’ उत्तर मिळालं नाही. चौदा माणसांना परत गाडीत बसवलं. हे सगळं मला त्यांच्या जावयांनी सांगितलं. बाई स्वतः मला एवढंच म्हणाल्या, ‘अरे, तुझा फोन कोण उचलतो हल्ली?’

मला बोलता आलं नाही. चोळायला बसलो.

जेवण झाल्यावर त्यांनी माझा नवा नंबर कागदावर लिहून घेतला, शाळेच्या त्या वळणदार अक्षरात, खाली रस्त्याची खूण काढली, पिंपळ काढला. त्या कागदाचा फोटो त्यांच्या जुन्या विद्यार्थिनींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गेला. दुसऱ्या रविवारी त्रेचाळीस माणसं आली. मंगळवारी कणीस कडक झालं, हंगाम संपला. टँकरचे पैसे निघाले आणि वर अठराशे रुपये उरले. कागद आम्ही मागून घेतला. तो आता कार्यालयात, म्हणजे शेडच्या कोपऱ्यात, चौकटीत आहे.

पुढचं फार नाही. टाळेबंदी आली तेव्हा आमचा हंगाम आधीच संपलेला होता, नशीब. २०२० साली राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं, नोंदणी केली, प्रमाणपत्रही लावलं आहे, बाईंच्या कागदाच्या बाजूला. २०२३ च्या नोव्हेंबर अखेरीस गारपीट झाली, एक तुकडा आडवा झाला, बाकीचे वाचले. आता माणशी साडेसहाशे घेतो आणि आजही दिवसाला साठच. एकसष्टाव्याला पुढची तारीख देतो. राग येतो काही लोकांना.

नव्याने या धंद्यात येणारे पोरगे सल्ला मागायला येतात. खरं तर मागत नाहीत, शेड कितीला पडली एवढंच विचारतात. मी तरी सांगतो. तलाव खणू नका. आगटीवाल्याला मजुरी नव्हे, वाटा द्या. बियाण्याची कणसं रानात उभ्या ताटावरच निवडा, लाल चिंधी बांधा आणि त्याला पाहुण्यांचा हात लागू देऊ नका. मालदांडी ज्वारीच्या शेजारी तर गूळभेंडीचं बी धरूच नका, दोन वर्षांत वाण बिघडतो. निवडलेली कणसं चुलीवरच्या आढ्याला टांगा, धुराने कीड लागत नाही. आणि सिम स्वतःच्या नावावर घ्या. आलेल्यांनी हुरड्यावर लगेच घटाघटा पाणी पिऊ नये, ताक प्यावं. नऊच्या आत या. बाराला येऊन ‘गरम नाही’ म्हणणाऱ्यांना तात्या ऐकू येत नसल्यासारखं करतात.

गेल्या भाद्रपदात एका दुपारी फोन वाजला. तो जुना नंबर मी कधी काढून टाकला नाही, माझ्या फोनमध्ये तो अजून ‘आपला नंबर’ म्हणूनच आहे. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा वाजला. पलीकडे त्याचा मुलगा.

‘काका, चार किलो गूळभेंडी मिळेल का? बाजारचं बी भेसळीचं निघालं.’

एका एकराचं बी. मागे कुणीतरी खोकलं. तो खोकला मला एका बाकापासून माहीत आहे. मी म्हटलं, पाठव कुणाला तरी. पोरगाच आला, मोटारसायकलवर. आढ्यावरची कणसं काढून तात्यांनी त्याच्यासमोर मळली, पाखडली, तराजूत घातली. भावात रुपया कमी केला नाही, रोख घेतले. बी दिलं ते आमच्या कापडी पिशवीत. तिच्यावर नंबर आहे, नवा, दोन्ही बाजूंना.