ड्रॉइंगचा तास आणि स्यूराचा समुद्र

गणिताच्या आणि इंग्रजीच्या सरांवर या स्मरणिकेत पुष्कळ जण लिहितील. मी ड्रॉइंगच्या तासावर लिहितो. पोर्शन राहिला की बाकीचे सर हमखास मागून घेत, तोच तो तास! त्यातूनही उरला, तर आमचे सर फळ्यावर रंगचक्र काढत. इंटरमिजिएटला बसलेल्या आम्हा पोरांना त्यांचं म्हणणं पाठ होतं: लाल-हिरवा कालवलात तर चिखल, शेजारी ठेवलात तर दोघंही उठून दिसतात.

हे मूळ कोणाचं, ते फार पुढे वाचनात आलं. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात गालिच्यांचं सूत रंगवलं जाई. तिथला काळा रंग फिका पडतो, अशी तक्रार आली. शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाने तपासलं, तर रंगात खोट नव्हती. शेजारच्या रंगामुळे तो फिका दिसत होता. १८३९ साली त्याने त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला.

फ्रेंच चित्रकार जॉर्ज स्यूराने तो चित्रात उतरवला. स्टुडिओतल्या प्रकाशाने शिणलेले डोळे धुवायला तो उन्हाळ्यात फ्रान्सच्या उत्तरेच्या किनाऱ्यावर जाई. त्याचं १८८६ सालचं तिथल्या ओनफ्लर बंदरातल्या संध्याकाळचं चित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. रखवालदार हटकेपर्यंत मी त्याला नाक लावून उभा होतो. जवळून समुद्र दिसतच नाही, नुसते ठिपके. रंगद्रव्यं कालवली की प्रत्येक जण आपापल्या वाट्याचा प्रकाश गिळतो आणि रंग काळवंडतो. सुटे ठेवले तर ते मिसळण्याचं काम डोळा करतो. मात्र पिवळ्या-निळ्या ठिपक्यांतून हिरवा झळाळून उठतो, असं समजू नका. लांबून ते करडेच होतात. मला तर त्या मवाळ, धुरकट करड्यातच स्यूराची संध्याकाळ सापडते. पुढे त्याने या चित्राच्या लाकडी चौकटीवरसुद्धा ठिपके दिले, म्हणजे प्रकाश कडेशी अडू नये. हा माणूस १८९१ मध्ये, एकतिसाव्या वर्षी गेला.

त्याचा चित्रकार मित्र पॉल सिन्याक पट्टीचा नावाडी. १८९२ मध्ये तो शिडाच्या होडीतून सेंट ट्रोपेला पोचला आणि भूमध्य समुद्राच्या उन्हात त्याचा ठिपका फुगत गेला. शेवटी फरशीच्या चौकोनी तुकड्यांसारखे फटकारे. आमच्या सरांना सिन्याक जास्त आवडला असता, कारण त्यांना रंग ठसठशीत लागत. मी मात्र अजून स्यूराच्याच बाजूचा.