हात हलत नव्हता, पण रस्ता शाबूत होता

काकूंना अर्धांगवायूचा झटका येऊन दोन आठवडे झाले होते. उजवा पाय हळूहळू साथ देऊ लागला होता. हात मात्र जिथे ठेवावा तिथेच पडून राहायचा. राउंडच्या वेळी त्यांच्या मुलाने मला बाजूला घेतलं. "डॉक्टर, हाताची आशा सोडायची का?" याचं उत्तर नुसतं हाताकडे बघून देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. मी काकूंना टीएमएसच्या, म्हणजे डोक्याबाहेरून चुंबकाचे क्षणिक झटके (पल्स) देऊन मेंदू तपासण्याच्या, खोलीत आणायला सांगितलं.

कॉइल दिसताच काकूंनी विचारलं, "शॉक देणार का हो?" ही भीती जवळजवळ प्रत्येकाला असते. मी कॉइल त्यांच्या डाव्या हातात दिली, तारेची वेटोळी, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, प्लास्टिकमध्ये बंद. तिच्यातून क्षणभर जोराचा विद्युतप्रवाह सोडला की दीड-दोन टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते कवटीतून आरपार जातं आणि खालच्या मेंदूत बारीकसा प्रवाह उठवतं. तत्त्व फॅरेडेचं, १८३१ सालचं. पण १९८५ साली शेफिल्डमध्ये अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी ते मेंदूवर वापरून दाखवलं. त्याआधी हेच काम डोक्याच्या कातडीवरून थेट वीज देऊन करावं लागे, आणि ते चांगलंच दुखायचं. चुंबकाला कवटीचा अडथळा नाही. त्याचा परिणाम दोन-तीन सेंटिमीटर खोलीपर्यंतच पोचतो, पण हात हलवणारा भाग नेमका तेवढ्यातच आहे.

डोक्यात धातूची क्लिप, कानात ऐकू येण्यासाठी बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट, छातीत पेसमेकर, पूर्वी कधी फिट, सगळं विचारून झालं. कानात इअरप्लग घातले, कारण प्रत्येक पल्सला टक् असा मोठा आवाज होतो.

मेंदूची उजवी बाजू डावा हात चालवते आणि डावी बाजू उजवा. सुरुवात चांगल्या बाजूने केली. उजव्या मेंदूवर पल्स दिला आणि डाव्या हाताचं पहिलं बोट फटकन उडालं. "अगंबाई, मी नाही हलवलं!" काकू म्हणाल्या. मुलगा हसला. त्यानंतर मी कॉइल डावीकडे नेली.

उजव्या हाताच्या अंगठा आणि पहिल्या बोटामधल्या स्नायूवर त्याचा प्रतिसाद टिपणारे इलेक्ट्रोड चिकटवलेले होते. पल्स दिला, स्क्रीनवर सपाट रेष. कॉइल अर्धा सेंटिमीटर पुढे, मग मागे, मग थोडी तिरकी. ताकद वाढवत मशीनच्या कमाल मर्यादेपर्यंत नेली. तरी सपाटच. मुलाचं लक्ष आता माझ्या चेहऱ्याकडे होतं. स्नायू आवळायचा नुसता प्रयत्न केला तरी मेंदूपासून मणक्यापर्यंतचा मार्ग जास्त तयार होतो, म्हणून मी म्हटलं, "काकू, हात हलला नाही तरी चालेल. मूठ वळायचा जोर लावा. दोन्ही हातांनी." त्यांनी ओठ घट्ट मिटले. टक्. रेषेवर छोटा उंचवटा आला. पुन्हा टक्, पुन्हा तिथेच. उशिरा येत होता, लहान होता, पण दर वेळी त्याच जागी. बोट दिसण्याइतकं हललं नव्हतं. निरोप मात्र पोचला होता.

मुलाला मी सरळ सांगितलं: मेंदूपासून हातापर्यंतचा मार्ग पूर्ण तुटलेला नाही. झटक्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत असा प्रतिसाद मिळाला, तर हात बऱ्यापैकी कामाला येण्याची शक्यता खूप वाढते. मिळाला नसता तर तेही सांगितलं असतं.

मग उपचार ठरला, निरोगी उजव्या बाजूवर सेकंदाला १ पल्स, २० मिनिटं. "बिघाड डावीकडे आणि उपचार उजवीकडे?" मुलाची शंका रास्त होती. मेंदूचे दोन्ही अर्धे एकमेकांना आवर घालतात. एक बाजू दुबळी झाली की दुसरीचा दाब तिला जड जातो, आणि मंद गतीचे पल्स तो दाब कमी करतात, अशी त्यामागची कल्पना. ती सगळ्यांना सारखी लागू पडत नाही. इजा फार मोठी असेल तर निरोगी बाजूच आधार देत असू शकते. युरोपीय तज्ज्ञांनी २०२० साली झटक्यानंतरच्या सुरुवातीच्या महिन्यांत हातासाठी या पद्धतीचा पुरावा सर्वांत वरच्या श्रेणीत ठेवला. उलट २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत, झटक्याला ३ ते १२ महिने झालेल्या रुग्णांमध्ये, खऱ्या आणि खोट्या उपचाराने सारखीच सुधारणा दिसली. दोन्ही गटांना भरपूर व्यायाम दिला होता. ही गोष्ट मी घरच्यांपासून लपवत नाही.

म्हणूनच माझा एकच हट्ट असतो: कॉइल बाजूला झाली की पेशंट खोलीत परत जायचा नाही, थेट फिजिओथेरपिस्टच्या टेबलावर. त्या दिवशी काकू थकल्या होत्या, तरी बसल्या. लाकडी ठोकळा पकडायचा होता. जमला नाही. "उद्या परत," त्या फिजिओथेरपिस्टला म्हणाल्या, "तार लागलीय म्हणतात डॉक्टर."

काही आठवड्यांनी ठोकळा उचलला गेला, पुढे पेला. ब्लाउजची हुकं अजून लागत नाहीत, आणि सध्या आमचं काम त्यांच्यावरच चालू आहे.