ट्रकचा वायरमन होडीवर

नाशिकला द्वारका चौकाजवळ माझं ऑटो इलेक्ट्रिकचं छोटं दुकान आहे. ट्रक, टेम्पो, हंगामात ट्रॅक्टर. गेल्या दिवाळीनंतर मावसभाऊ आला नि म्हणाला, "दादा, होडीला लाइट बसवून दे." गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला त्यांची मासेमारी चालते. संध्याकाळी जाळी टाकायची, पहाटे अंधारात काढायची. अठरा फुटी फायबरची होडी, मागे छोटं पेट्रोल इंजिन. आदल्या आठवड्यात दुसरी होडी अगदी हातभर अंतरावरून गेली होती, म्हणून ही धावपळ.

मी म्हटलं, त्यात काय! ट्रकला लावतो तसे पुढे दोन एलईडी फोकस ठोकले आणि मागे लाल टेललॅम्प. बटण दाबलं तर समोरचं पाणी दुधासारखं पांढरं झालं. मी खूश. भाऊ मात्र डोळ्यांवर हात धरून बसला. उजेड पाण्यावरून आणि होडीच्या पांढऱ्या काठावरून उलटा तोंडावर येत होता, त्यापलीकडचं काहीच दिसेना.

आमचे एक जुने गिऱ्हाईक मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेत. त्यांना मोबाइलवर फोटो दाखवला तर ते पोट धरून हसले. "अरे, हे दिवे तुला दिसावं म्हणून नसतात. तू दिसावास म्हणून असतात. आणि मागे लाल कुणी सांगितला?"

मग दुकानातल्या बाकड्यावर शाळा भरली. समुद्रात चालतात ते नियम 1972 साली ठरलेले, 1977 पासून जगभर लागू. होडीच्या डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा. दोन्हींचा उजेड नाकासमोरून सुरू होऊन आपापल्या बाजूला 112.5 अंशांपर्यंत, म्हणजे खांद्याच्या थोडा मागेपर्यंत. उरलेले 135 अंश मागचे, तिथे पांढरा. बेरीज बरोबर 360. इंजिनवाल्या मोठ्या जहाजाला वर डोलकाठीवर आणखी पांढरा लागतो. 12 मीटरपेक्षा लहान होडीला मात्र डोलकाठीचा आणि मागचा असे वेगळे पांढरे दिवे नकोत, चहूबाजूंनी दिसणारा एकच चालतो. आमच्यासारखी 7 मीटरच्या आतली, 7 नॉटपेक्षा (ताशी साधारण 13 किलोमीटर) जास्त न पळणारी असेल तर तेवढ्या एका पांढऱ्यावरही भागतं. तरी रंगीत लावता येत असतील तर लावावेत. नुसता पांढरा ठिपका दिसला तर होडी येतेय की जातेय ते कळत नाही.

समुद्राचे हे नियम धरणाच्या पाण्याला थोडेच लागू? पण दोन होड्यांत एकच भाषा असलेली बरी, एवढं मला पटलं.

मग सांगितलं ते मला सगळ्यात आवडलं. आडव्या जाणाऱ्या होडीचा लाल दिसला तर ती आपल्या उजवीकडून येतेय, तिला वाट आपण द्यायची. हिरवा दिसला तर ती आपल्याला देणार, आपण सरळ धरायचं. अगदी सिग्नलसारखं! लाल-हिरवा दोन्ही एकदम दिसले तर ती थेट अंगावर येतेय. तेव्हा दोघांनीही उजवीकडे वळायचं. इथे माझी गाडी अडकली. तीस वर्षं हायवेवर समोरून गाडी आली की हात डावीकडेच वळतो.

दुसऱ्या खेपेला होडी काठावर ओढलेली होती. मी समोर उभा राहून माझ्या डाव्या हाताला लाल बसवला. म्हणजे होडीच्या उजव्या! भाऊ काही बोलला नाही, नुसतं आत जाऊन बसला आणि डावा हात वर केला. पुन्हा सगळं उघडलं. लाल-हिरव्याच्या मधली आडपट्टी पीव्हीसी पाइप चिरून केली आणि अंश मोजायला पोराच्या कंपासपेटीतला कोनमापक आणला. पांढरा दिवा रंगीत दिव्यांपेक्षा मीटरभर उंच, सुकाणू धरणाऱ्याच्या पाठीमागे खांबावर. त्याखाली काळी रंगवलेली ताटली, उजेड होडीत सांडू नये म्हणून. बारा व्होल्ट, 7 एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी, फ्यूज तिच्याजवळच. सगळे मिळून सहा वॅट, म्हणजे अर्धा अँपिअर. कागदावर 14 तास. रात्रीला सहा पुरतात.

अमावास्येच्या आसपास चाचणी घेतली. भाऊ पाण्यात गोल फिरवत होता, मी काठावर फोन कानाला लावून. "आता?" "नुसता हिरवा." "आता?" "दोन्ही. वळव, वळव!" एक भानगड मात्र निघाली. पलीकडच्या काठाला रिसॉर्टचे दिवे, एका लॉन्सवर लग्नाचे लाल-हिरवे लेझर. त्या गर्दीत आमचा बारीक दिवा हरवायचा. सरकतोय तो होडीचा, एवढीच ओळख. त्यावर माझ्याकडे इलाज नाही.

मग मीही बसलो, लाइफ जॅकेट घालून. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, तोवर मोबाइल बघायचा नाही ही भावाची ताकीद. इंजिन सावकाश, मधूनमधून बंद करून कान द्यायचा. अशाच एका थांब्यावर पाण्याची चुबकचुबक ऐकू आली. पुढे वीस-एक फुटांवर थर्माकोलच्या तराफ्यावर एक म्हातारबाबा, मांडीवर तंगूसाचं जाळं, दिवा कसलाच नाही. आमचे तिन्ही दिवे त्यांना केव्हाचे दिसत होते, ते आम्हाला नाही. वल्ह्याच्या होडीला निदान हाताशी टॉर्च ठेवून वेळेवर दाखवायची, इतकीच नियमाची अपेक्षा असते. माझ्या खिशातली मी त्यांना दिली. "सेल कोण भरणार?" म्हणाले. पुढच्या खेपेला सेलही नेले.

परत काठावर आलो, सामान भरलं, व्हॅनमध्ये बसलो आणि सवयीने हेडलाइट अप्परवर टाकला. पाण्यातून लगेच आवाज आला, "ओ शेठ, बंद करा तो! डोळे मारता का आमचे?"