फोडातला दोरा

"लवकर या रे, किती वेळ!" माझ्या दोघा मित्रांना केलेला शेवटचा फोन हाच. गाडीवर मागं बसलेल्यानं उचलला, "आलोच" म्हणाला. दोघंही आले नाहीत. मी सतरा वर्षांचा होतो, आणि त्या फोनबद्दल घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

आषाढीच्या आधी आजोबा म्हणाले, "चल माझ्यासंगं. बोलू नको, नुसता चाल." आळंदीहून माऊलींच्या पालखीबरोबर निघालो.

वारीत सगळेच एकमेकांना माऊली म्हणतात, पाया पडतात. पुण्यात शिरताना सत्तरीतले एक बाबा माझ्या पायांशी वाकले, तसा मी झटकन मागं सरलो. यांना कळलं तर? मग कुणी वाकू नये म्हणून मी दिंडीच्या कडेकडेनंच चालत राहिलो.

दिवे घाट चढून सासवडला पोचेस्तोवर दोन्ही टाचांना फोड आले होते. दिंडीतल्या एका आजीनं माझा पाय सरळ मांडीवर घेतला. सुईत दोरा ओवला, फोडातून आरपार काढला आणि दोऱ्याचा तुकडा आतच ठेवला. "कातडं सोलू नगं बाळा. पाणी आपसूक निघंल." पाणी दोऱ्यावरून हळूहळू पाझरत होतं. ते बघता बघता मी तिला सगळं सांगून टाकलं, फोनसकट. 'तुझी चूक नाही' असं ती म्हणेल याची मला धास्ती होती. ते मी ऐकूच शकलो नसतो. तिनं विचारलं, "नावं काय रं पोरांची?" आठ महिन्यांनी मी ती नावं उच्चारली. तिनंही दोन्ही नावं घेतली आणि हात जोडले.

सासवडला माऊलींच्या धाकट्या भावाची, सोपानकाकांची समाधी आहे. त्या रात्रीच्या कीर्तनात विषयही समाधीचाच निघाला. 1296 साली आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली, तेव्हा ते एकवीस वर्षांचे. जिवलग नामदेव तिथंच होते, त्यांचा आकांत त्यांच्या अभंगांत आहे. नामदेव गेले 1350 साली. मी बोटांवर मोजलं. 54 वर्षं! एवढी वर्षं ते मित्राशिवाय जगले, कीर्तन करत पार पंजाबापर्यंत गेले.

पंढरपुरात दर्शनाची रांग अफाट होती. आम्ही कळसाला हात जोडले आणि महाद्वारात नामदेव पायरीपाशी आलो. मी वाकलो, पायरीला कपाळ टेकलं, दोघांची नावं घेतली.

"कुणाशी बोलतोयस?" आजोबांनी विचारलं.

"आजोबा, त्या दिवशी मी त्यांना फोन केला होता."