पेट्या ४, डभोई

पाणी उतरलं त्याच सकाळी कारेलीबागेतून काकांचा फोन आला. "ताई, आईचे आल्बम गेले. टाकून देऊ, की तुम्ही एकदा बघता?" मी म्हटलं, काहीही टाकू नका, एकमेकांपासून ओढून सोडवू नका आणि उन्हात तर मुळीच ठेवू नका. मी निघालेच.

ही २०२४च्या ऑगस्टअखेरची गोष्ट. विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली होती. बडोद्यातल्या कितीतरी तळमजल्यांतून पाणी फिरून गेलं होतं. जुन्या मराठी घरांतले फोटो स्कॅन करायचे आणि त्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना बोलतं करायचं, हे माझं काम. दांडिया बाजारातला वाडा सोडून हे कुटुंब कारेलीबागेत आलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. या घरी मी चार वर्षांपूर्वी काकांच्या आईची, म्हणजे आजींची, मुलाखत घेऊन गेले होते. रेकॉर्डर समोर ठेवून मी त्यांना सयाजीराव महाराजांबद्दल विचारलं होतं. सगळे सांगतात तेच त्यांनी सांगितलं: सक्तीचं शिक्षण, मिरवणूक, हत्ती, लक्ष्मीविलास राजवाडा. महाराज १९३९ साली गेले आणि आजींचा जन्म १९३६चा. तीन वर्षांच्या मुलीला त्यातलं काय आठवणार? ऐकलेलंच त्या बोलत होत्या. माझा प्रश्नच चुकला होता, आणि ते मला तेव्हा उमगलं नाही. चाळीस मिनिटांच्या त्या ध्वनिमुद्रणात आजी स्वतः कुठेच नाहीत.

घरात शिरले तर भिंतींवर कंबरेच्या उंचीला चिखलाची रेघ. आजी कॉटवर पाय वर घेऊन बसलेल्या. काळ्या पानांचे तीन आल्बम ओट्यावर ठेवले होते, फुगून उशीएवढे झालेले. मी फक्त फोटो वाचवायला गेले होते. रेकॉर्डर घरीच राहिला होता.

भिजलेल्या फोटोचं एक असतं. कागदावर जिलेटिनचा थर असतो आणि चित्र त्या थरात असतं. पाणी पिऊन तो थर खव्यासारखा मऊ होतो. बोट लागलं की चेहरा पुसला जातो. दोन फोटो एकमेकांवर वाळले तर ते एकजीव होतात आणि मग कुणाच्याने सुटत नाहीत. म्हणून ते ओले असतानाच सोडवावे लागतात. काकांनी पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे दोन जार आणले. दोन पसरट परातींत गार पाणी घेतलं, त्यात फोटोंचा गठ्ठा सोडला आणि आपोआप सुटण्याची वाट बघत बसलो. सुटलेला फोटो कडेने उचलायचा, दुसऱ्या परातीत एकदा खंगाळायचा आणि चित्राची बाजू वर ठेवून टीपकागदावर निजवायचा. एका दिवसात सगळं होणार नाही हे दिसतच होतं. वरच्या मजल्यावरच्या बेननी आपल्या फ्रीझरमधले वाटाणे काढून जागा करून दिली. उरलेले गठ्ठे आम्ही प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून तिथे गोठवायला ठेवले. गोठवलं की बुरशीही थांबते आणि चिकटणंही थांबतं.

पाण्यात घालण्याआधी प्रत्येक फोटोची मागची बाजू मी मोबाइलवर टिपून घेत होते. शाई पाण्यात जाते, स्टुडिओचे शिक्के जातात, आणि नावगाव तर मागेच लिहिलेलं असतं. पहिल्या आल्बमच्या शेवटी एक फोटो निघाला. बैलगाडी, गाडीत लाकडी पेट्या, बाजूला टोपी घातलेला किडकिडीत माणूस. चार वर्षांपूर्वी मी तो स्कॅन केला होता. काकांनी तेव्हा सांगितलं होतं, "आजोबा, आईचे वडील. काहीतरी मालाचा व्यापार असावा." तसंच मी नोंदवहीत उतरवलं होतं. फोटोच्या मागे तेव्हा फिकट राखाडी ओरखडे होते, वाचता न येण्यासारखे.

आता तेच ओरखडे गर्द जांभळे झाले होते. कॉपिंग पेन्सिल! तिच्यात रंग मिसळलेला असतो. कोरडी असताना साध्या शिसपेन्सिलीसारखी दिसते, पाणी लागलं की जांभळी उठते. पुराच्या पाण्याने अक्षरं उघडी केली होती आणि तेच पाणी ती धुऊनही नेणार होतं. ओळीच्या कडा पसरायला लागल्याच होत्या. माझे हात थरथरत होते. घाईघाईने चार-पाच वेळा फोटो काढले, मग वाचायला घेतलं. मोडी होती. मला मोडी अडखळत येते. मोठ्याने वाचत गेले: "डभोई. पेट्या ४. पुढे रस्ता नाही, गाडी केली."

कॉटवरून आवाज आला, "अगं, पुस्तकांच्या पेट्या त्या! दादा लायब्ररीत होते ना."

मी परात तशीच सोडली आणि मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू केलं.

महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं, संस्थानभर फुकट वाचनालयांचं जाळं विणलं आणि जिथे वाचनालय नाही अशा गावांना लाकडी पेट्यांतून पुस्तकं पाठवली, हे मी कागदांत वाचलेलं होतं. कित्येकांना सांगितलंही होतं. पण पेटी घेऊन गेलेल्या माणसाची मुलगी माझ्यासमोर बसली होती आणि चार वर्षांपूर्वी मी तिला हत्तींबद्दल विचारून निघून गेले होते.

आजी सांगत होत्या. दादा आगगाडीने डभोईपर्यंत जायचे, पुढे मिळेल त्या वाहनाने. परत आले की धोतराचा काठ धुळीने तांबडा. गावांत सगळी गुजराती वस्ती, म्हणून दादा रात्री कंदिलाशी बसून गुजराती मोठ्याने वाचायचे. "तिथे गेलं की लोक म्हणायचे, तूच वाचून दाखव. मग उच्चार नको का नीट यायला? आई हसायची त्यांना. आम्ही पोरं अंथरुणात पडून ऐकायचो. मला गुजराती तशीच आली बघ, शाळेच्या आधी." एकदा कुणी पुस्तकांच्या बदल्यात गवार दिली, ती घ्यायची की नाही यावर घरात दोन दिवस बोलणं चाललं. शेवटी आईने भाजी केली, पण दादा ती जेवले नाहीत. "सरकारी पेटीची गवार," आजी म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

मी एक-एक फोटो परातीतून वर काढत होते आणि आजी बोलत होत्या. ओला फोटो हातात देता येत नाही, म्हणून मी तो तळव्यावर धरून त्यांच्या डोळ्यांसमोर न्यायचे. कधी नुसता एक कोपरा बघून त्या म्हणायच्या, "हा आमचा ओटला. इथे पायरी तुटकी होती." मी एकही प्रश्न विचारला नाही. मध्येच त्या आपल्या धाकट्या काकांबद्दल, १९४९च्या मे महिन्यात संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं तेव्हा त्यांच्या नोकरीचं काय झालं त्याबद्दल सांगायला लागल्या, थांबल्या आणि म्हणाल्या, "हे नको गं ठेवूस." मी मोबाइल बंद केला. त्यांचं बोलून झाल्यावर त्यांनीच सांगितलं, "आता लाव."

दुपारपर्यंत एकसष्ट फोटो टीपकागदावर आले. अकरा गेले. त्यांतला एक आजींच्या लग्नातला होता. त्यात आता नुसता शालूचा काठ उरला आहे. तो टाकायला त्यांनी नकार दिला, आणि मलाही तो टाकवला नसता. रंगीत फोटोंचं नुकसान जास्त झालं, त्यांचे रंग पाण्यात उतरले.

बैलगाडीचा फोटो वाचला. मागची ओळ मात्र संध्याकाळपर्यंत एक जांभळा डाग होऊन गेली. ती आता फक्त माझ्या मोबाइलमधल्या फोटोत आहे. रात्री घरी येऊन मी आधी त्याच्या तीन प्रती केल्या, मग नोंदवही उघडली, "मालाचा व्यापार" खोडलं आणि आजींचे शब्द तारखेसकट लिहिले.

ध्वनिमुद्रण दोन तास दहा मिनिटांचं आहे. त्यात सतत पाण्याचा आवाज येतो, बाहेर पंपाने पाणी उपसल्याची घरघर येते, काका मध्येच "अरे, हे मला कधी सांगितलं नाहीस" म्हणतात तेही येतं. आवाज साफ करून देतो, असं एक जण म्हणाला. मी नको म्हटलं.

त्यानंतर दर रविवारी एक पिशवी फ्रीझरमधून निघते. मी जाईपर्यंत आजी परातीशेजारी खुर्ची मांडून बसलेल्या असतात. अजून दोन पिशव्या आहेत.